नळाखालची बादली

घरात काही फुटले, सांडले किंवा बंद पडले की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो 'कोणी?' असा. 'कशाने?' हा प्रश्न त्याच्या मागून येतो, आणि पुष्कळदा येतच नाही. कपबशी फुटली की ती विसळणारी, दूध नासले की गवळी, मुलगा नापास झाला की त्याची मित्रमंडळी. आरोपी कसा हाताशी तयार असतो! एकदा त्याचे नाव घेतले की मनाला मोठा विसावा मिळतो. कपबशीला आधीच बारीकशी चीर गेली होती की काय, हे पाहायला कोणी खाली वाकत नाही. आपल्या भाषेने या स्वभावाची साक्ष म्हणींतच नोंदवून ठेवली आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी, वड्याचे तेल वांग्यावर, साप समजून भुई धोपटणे, असा सारा दप्तरखाना तयार आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, ही समजूतदार म्हणही तिनेच आपल्याला दिली. पण ती आपल्याला केव्हा आठवते? कावळ्याच्या जागी आपण स्वतः असलो म्हणजे!

संगणक घरोघर आले तेव्हापासून या सुळीसाठी एक नवा संन्यासी मिळाला आहे. त्याचे नाव अपडेट. कालपर्यंत नीट चालणारा संगणक आज रुसला की घरातले शहाणे माणूस मान हलवून म्हणते, "अपडेट केलं असणार." बहुतेक वेळा अपडेट झालेलेही असते. निदान तेथेच संपते आणि शिव्याशापांना प्रारंभ होतो.

या निदानात तथ्य नाही असे मात्र मी म्हणणार नाही. १९ जुलै २०२४ हा दिवस पुष्कळांना आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या सुरक्षा-प्रणालीसाठी एक छोटीशी फाइल जगभर पाठवली आणि विंडोजवर चालणारी सुमारे ८५ लाख यंत्रे निळा पडदा दाखवून आडवी झाली. आपल्याकडच्या विमानतळांवर काही प्रवाशांच्या हाती शाईने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. पुढे कंपनीनेच कारण प्रसिद्ध केले, आणि ते वाचण्यासारखे आहे. एका तक्त्यात २१ रकाने गृहीत धरलेले होते; त्यात मजकूर भरणारा भाग मात्र २० च रकाने भरून देत होता. एकविसावा वाचण्याची वेळच येत नव्हती, म्हणून काही अडत नव्हते. नव्या फाइलने प्रथमच तो वाचायला सांगितले, आणि कार्यक्रमाचे पाऊल नसलेल्या पायरीवर पडले. तो बसला होता विंडोजच्या थेट गाभ्यात. त्यामुळे त्याच्याबरोबर सगळा डोलाराच कोसळला. गंमत अशी की ही उणीव फेब्रुवारीपासून तेथे होती. म्हणजे पडण्याचा दिवस जुलैचा, पण पायरी निखळलेली हिवाळ्यातच. अपडेटने पाडले हे खरे, पण एवढे म्हणून थांबले असते तर ती पायरी आजही तशीच राहिली असती.

हे सारे माझ्या मनात घोळू लागले ते आमच्या शेजारच्या काकांमुळे. काकांचे वय पंचाहत्तरीच्या पुढे. तरुणपणी ते छापखान्यात कंपोझिटर होते. खिळ्यांच्या केसपुढे उभे राहून त्यांनी उमेदीची वर्षे काढली. खिळे गेले, संगणक आले, तेव्हा हा माणूस कुरकुरत बसला नाही. कर्ज काढून त्याने संगणक घेतला आणि पुण्याच्या पेठेतल्या एका खोलीत अक्षरजुळणी सुरू केली. शाळांची वार्षिके, मंगल कार्यालयांच्या पत्रिका, निवृत्त मास्तरांची आत्मचरित्रे, कोणाचे व्याकरण, कोणाची गाथा, असे कितीतरी त्या खोलीतून बाहेर पडले.

पण त्या काळी मराठी अक्षरे संगणकात ज्या रीतीने बसवत, ती रीत मोठी विलक्षण होती. संगणकाला मराठी ठाऊकच नव्हती. त्याच्या लेखी सारी इंग्रजी अक्षरे नि चिन्हे. फाँट करणाऱ्याने फक्त त्या अक्षरांना मराठी अंगरखा चढवलेला. संगणक साठवणार एखादे इंग्रजी अक्षर, आणि पडद्यावर दिसणार 'क' किंवा 'ख'. प्रत्येक कंपनीचा अंगरखा निराळा. तो विशिष्ट फाँट असलेल्या यंत्रावर मजकूर उघडला तर मराठी. दुसरीकडे उघडला तर स्वल्पविराम, डॉलर नि प्रश्नचिन्हे यांची नुसती खिचडी. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःची जागा आहे. पण ती गोष्ट आमच्या छापखान्यांच्या आणि जुळणीच्या खोल्यांच्या अंगवळणी पडायला पुष्कळ वर्षे गेली. तोवर हजारो पाने त्या अंगरख्यात लिहून झाली होती.

काकांची पाने होती पेजमेकरमध्ये, आणि पेजमेकर होता विंडोज एक्सपीवर. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. एक्सपीही त्याच वर्षीची. तिची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. काकांचा जुना संगणक त्यानंतर लवकरच निवर्तला, आणि नवा संगणक एक्सपीला दारात उभे करीना. तेव्हा कोणा जाणत्याने तोड काढली. नव्या यंत्रावर लिनक्स चढवले आणि त्याच्या पोटात एक आभासी यंत्र, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, वसवले. त्या पोटातल्या यंत्रात एक्सपी, एक्सपीत पेजमेकर, पेजमेकरमध्ये तो फाँट, आणि फाँटच्या अंगरख्यात मराठी! राक्षसाचा प्राण पोपटात असतो त्यातला प्रकार.

आभासी यंत्र म्हणजे काय, हे वाड्यात राहिलेल्या माणसाला सांगावे लागणार नाही. एका वाड्यात चार बिऱ्हाडे असतात. प्रत्येकाची चूल वेगळी, कुलूप वेगळे, आणि दार लावून घेतले की जो तो आपल्या घरचा राजा. भिंती, जिना, पाणी मात्र मालकाचे. आभासी यंत्र हे संगणकातले असेच पोटभाडेकरू. आतल्या एक्सपीला वाटते, सगळा संगणक आपलाच. तिला जी डिस्क दिसते ती वास्तविक मालकाच्या डिस्कवरची एक भलीमोठी फाइल असते, हे तिला कोणी सांगितलेले नसते. ही कल्पना काही कालपरवाची नव्हे. एकच अवाढव्य यंत्र अनेकांना वापरू द्यायचे, पण प्रत्येकाला स्वतंत्र यंत्र मिळाल्यासारखे वाटले पाहिजे, म्हणून आयबीएमच्या मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज केंद्रात १९६०च्या दशकातच ही युक्ती निघाली. १९७२ साली व्हीएम/३७० या नावाने ती बाजारात आली. घरगुती संगणकांवर ती रुळायला पुढची तीसएक वर्षे लागली. २००५ पासून इंटेलने आपल्या प्रोसेसरमध्येच भाडेकरूंसाठी खास सोय करून दिली, आणि पाठोपाठ एएमडीनेही. या सोयीला मी नळ म्हणतो. वाड्यात तो एकच असतो, हे ध्यानात ठेवावे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये, गणपती आठवड्यावर आलेले असताना, काकांचे पोटभाडेकरू कोसळले. सुरू करण्याचे बटण दाबावे, खिडकी क्षणभर उघडावी, आणि एक इंग्रजी दटावणी दाखवून मिटावी. पुन्हा दाबावे, पुन्हा तेच.

एरवी काकांनी दोन दिवस वाट पाहिली असती. पण आत काकूंच्या ओव्या होत्या. काकू वारल्याला सहा वर्षे झाली. आपल्या आईकडून आणि सासूकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी म्हातारपणी आठवून आठवून लिहिल्या आणि दुपारच्या वेळी काकांच्या खुर्चीत बसून, एका बोटाने, स्वतः टाइप केल्या. चारशेच्या वर ओव्या. पुस्तक निघाले, प्रती नात्यागोत्यात वाटल्या गेल्या, आणि दुसऱ्या आवृत्तीसाठी काकूंनी घातलेली भर मात्र छापायची राहून गेली. ती भर कागदावर कुठेच नव्हती. दिवाळीपर्यंत ती आवृत्ती काढायची असे काकांनी यंदा मनावर घेतले होते.

मी गेलो तेव्हा दरबार भरलेला होता. काकांच्या मुलाचे म्हणणे, अपडेटने घात केला. भाच्याचे म्हणणे, आदल्या रात्री लाइट गेले होते, त्या झटक्याने डिस्कच नासली. सून म्हणाली, "कालच छोटू तिथं खेळत होता." छोटू दाराआड उभा राहून आपल्या खटल्याचा निकाल ऐकत होता. उपायांचीही कमतरता नव्हती. आभासी यंत्र काढून टाका आणि नवे करा. लिनक्सच काढून टाका. दुसरा संगणक घ्या. रोग्याला आधी पुरावा आणि मग नाडी पाहावी, असाच तो सल्ला.

काका एवढेच म्हणाले, "अरे, काही काढून टाकू नका. तू आधी बघ."

मी प्रथम काहीच दुरुस्त केले नाही. पोटभाडेकरूचे सारे बिऱ्हाड ज्या एका फाइलीत होते, ती चाळीस जीबीची फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतली. ती उतरेपर्यंत चहा झाला, आणि पाऊस येऊन गेला. घर जळाले तरी कागदपत्रे शेजाऱ्याकडे आहेत, एवढी खात्री झाली म्हणजे माणसाचा हात कापत नाही.

त्यानंतर भाच्याचा आरोप तपासायला घेतला, कारण तो सर्वांत भयंकर होता. डिस्क नासली असेल तर ओव्या गेल्या. पण हे पडताळायला डिस्कला हात लावायची गरजच नव्हती. मी एक नवे, अगदी रिकामे आभासी यंत्र तयार केले. त्यात ना एक्सपी, ना डिस्क, ना काही. त्याचे बटण दाबले. तेही त्याच दटावणीसह मिटले. रिकामी खोलीसुद्धा कोसळते आहे, तर तिथे न राहणाऱ्या भाडेकरूने ती पाडली कशी? लाइट जाणे ही कावळ्याची गोष्ट ठरली. छोटूलाही मी त्याच क्षणी दोषमुक्त केले, आणि तो तडक खेळायला पळाला.

आता अपडेटची पाळी. रात्री काय काय बदलले, याची रोजनिशी लिनक्स स्वतःच लिहून ठेवते. तिच्यात डझनावारी नावे होती, पण एक ठळक होते: कर्नल, म्हणजे या प्रणालीचा गाभा, ६.११ वरून ६.१४ वर गेला होता. नवा गाभा आला तरी शहाणी प्रणाली जुना लगेच फेकून देत नाही. संगणक सुरू होताना विचारले तर जुन्यानेही सुरू होते. मी जुन्याने सुरू केला. काकांची एक्सपी आपली ती हिरवी टेकडी आणि निळे आभाळ घेऊन समोर उभी राहिली. मुलगा म्हणाला, "बघा, मी म्हणत नव्हतो? अपडेटच."

येथे थांबण्याचा मोह फार मोठा होता. आरोपी सापडला होता, साक्षीदार होते, काम चालू झाले होते. जुन्या गाभ्यावरच कायम राहायचे की झाले! पण जुन्या गाभ्यावर कायम राहणे म्हणजे सुरक्षेच्या पुढच्या दुरुस्त्यांना दार लावणे. आणि 'अपडेटने' हे उत्तर तरी कशाचे? ते 'कोणी?' या प्रश्नाचे. 'कशाने?' अजून तसेच उभे होते.

म्हणून पुन्हा नव्या गाभ्यावर आलो आणि ती दटावणी शांतपणे वाचली. अशा संदेशांकडे माणसे शिवी दिल्यासारखी पाहतात, पण त्यात बहुधा पत्ता लिहिलेला असतो. या संदेशात म्हटले होते, सारांशाने, की प्रोसेसरचा 'व्हीएमएक्स रूट मोड' आधीच कोणीतरी घेतलेला आहे. आमच्या भाषेत सांगायचे तर, नळाखाली दुसऱ्याची बादली आहे. कोणाची? चालू असलेल्या भागांची यादी काढली तेव्हा तिच्यात केव्हीएम हे नाव दिसले.

हा केव्हीएम लिनक्सच्या घरचाच माणूस. आभासी यंत्रे चालवण्याची त्याची स्वतःची विद्या आहे, आणि २००७ पासून तो गाभ्यातच राहतो. काकांचे आभासी यंत्र मात्र बाहेरच्या दुसऱ्या कार्यक्रमावर चालणारे. दोघांना नळ एकच. आजवर भांडण का झाले नाही? कारण केव्हीएमची रीत अशी होती की स्वतःचे एखादे आभासी यंत्र सुरू करायची वेळ आली तरच तो बादली लावी आणि काम संपले की उचलून नेई. काकांकडे त्याला कधी काम पडलेच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ या गाभ्यापासून ती रीत बदलली. पाणी लागो न लागो, पहाटे उठल्याबरोबर नळाखाली बादली लावून ठेवायची. काका ६.११ वरून एकदम ६.१४ वर गेले, आणि मधली ही पायरी कोणाच्या ध्यानात आली नाही.

मग हा नुसता आडमुठेपणा म्हणायचा काय? तसेही नाही. मोठमोठ्या संगणक-केंद्रांत आभासी यंत्रे भराभर सुरू करावी लागतात. पहिल्या यंत्राच्या वेळी प्रोसेसरच्या प्रत्येक भागात ही सोय एकामागून एक चालू करत बसण्यात वेळ जातो. आधीच चालू करून ठेवली म्हणजे तो खोळंबा टळतो. त्यांच्यापुरता तो सरळ शहाणपणाचा निर्णय. एवढेच नव्हे, तर या रीतीची किंमतही गाभ्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट नोंदवलेली आहे: नळावर स्वतःची मालकी मागणाऱ्या बाहेरच्या कार्यक्रमांना याचा अडथळा होऊ शकेल. आणि ज्यांना अडथळा होईल त्यांच्यासाठी जुन्या रीतीवर परतण्याचे एक बटणही ठेवलेले आहे. सूचना होती, उपाय होता. फक्त पेठेतल्या त्या खोलीपर्यंत ती सूचना पोचायला वाट नव्हती.

मी केव्हीएमला तात्पुरते खाली उतरवले. नव्या गाभ्यावरच काकांची एक्सपी उभी राहिली. तर्क खरा ठरला. मग संगणक सुरू होतानाच्या आज्ञेत एक ओळ जोडली, तिचा अर्थ इतकाच की बादली गरज पडेल तेव्हाच लावावी. संगणक दोनदा बंद करून चालू केला. दोन्ही वेळा टेकडी आणि आभाळ. सगळी दुरुस्ती मिळून एका ओळीची. शोध मात्र दुपारभराचा.

घरी येताना माझ्या मनात आले, या सबंध प्रकरणात गुन्हेगार कोण? केव्हीएम आपल्या जागी बरोबर होता. काकांचा कार्यक्रम वर्षानुवर्षे करीत आला तेच करीत होता. अपडेटने सांगितलेले काम केले. एकालाही दोष देता येईना, आणि तरीही एका म्हाताऱ्या माणसाच्या सहा वर्षांच्या आठवणींना कुलूप लागले होते. आयुष्यातल्या कितीतरी बिघाडांची जात हीच असते. दोन भली माणसे, दोघांच्या दोन रास्त सवयी, आणि एकाच्या सवयीत एका सकाळी झालेला लहानसा बदल. सासू-सुनांची, भागीदारांची, भावाभावांची भांडणे उघडून पाहिली तर तळाशी बहुधा एक नळ आणि दोन बादल्या सापडतील. तेथे आपण गुन्हेगार शोधू लागलो की एकाला तरी घराबाहेर काढावे लागते. कारण शोधू लागलो तर कधी कधी एका ओळीने भागते.

काकांना मी दुसरेही एक सांगून आलो. भाडेकरू वाचला, पण वाडा जुना आहे. एक्सपी म्हातारी, पेजमेकर त्याहून एकाकी. पुढचा बदल एका ओळीत मिटेलच असे नाही. तेव्हा ओव्या बाहेर काढा. ते काम त्यांनी गणपतीनंतर हाती घेतले. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे कार्यक्रम आहेत. पण त्यांच्यावर भोळा विश्वास ठेवता येत नाही. जुन्या रीतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी ठेवलेली असते, जशी ती दिसते तशी. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. रफाराचे उलट, तो जुन्या रीतीत अक्षराच्या मागे, तर नव्या रीतीत पुढे. ही अदलाबदल करताना कार्यक्रम कुठे तरी अडखळतोच, आणि ओवीत एक वेलांटी चुकली तर जात्याचा खुंटा हातातून सुटल्यासारखे होते.

पण येथे खिळे जुळवलेला माणूस होता. काका रोज सकाळी वीस ओव्या छापून घेत, तांबडी पेन्सिल कानावर ठेवून वाचत. कार्यक्रमाच्या चुका ते दुरुस्त करत. काकूंनी टाइप करताना ठेवलेले बोलीतले रूप मात्र तसेच ठेवत; ते कोणी 'शुद्ध' करू म्हटले तर कागद काढून घेत. आता त्या ओव्यांना कुठल्याही वाड्यात उतरता येते. फोनवर, नातीच्या लॅपटॉपवर, छापखान्यात, कुठेही त्या मराठीच दिसतात. शेवटच्या तपासणीत एके ठिकाणी एक ओवी दोनदा आलेली आढळली. मुलगा लगेच म्हणाला, "हे त्या कन्व्हर्टरनं केलं." काका काही बोलले नाहीत. त्यांनी एक्सपी उघडली, मूळ पान काढले आणि पाहिले. ओवी तेथेही दोनदाच होती. काकूंना ती आवडत असावी.